गम, गमाम आणि मनावरचं मळभ

आषाढात चार-पाच दिवस सलग ऊन पडलं नाही की आपण म्हणतो, मळभ आलंय. घरातलं एखादं माणूस दोन दिवस गप्पगप्प असतं, विचारून विचारून शेवटी बोलतं होतं, रडून घेतं, आणि मग आपण म्हणतो, चला, मनावरचं मळभ गेलं. आभाळाचा शब्द आपण मनाला लावतो आणि कुणाला त्यात काही वेगळं वाटत नाही. अरबीत हेच नातं शब्दाच्या घडणीतच बसलेलं आहे. तिथे ढगाला एक शब्द आहे 'गमाम' आणि दुःखाला 'गम्म'. दोन्ही एकाच धातूतून निघाले. त्यातला दुसरा फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला, येताना जोड 'म्म' सुटा झाला, आणि आज दोघं हमरीतुमरीवर आले की तिसरा मध्ये पडून म्हणतो, "अरे, जरा गम खा!"

फारसीत 'गम खुर्दन' म्हणजे दुःख खाणं, चिंता वाहणं. मराठीत तो वाक्प्रचार सबुरीच्या अर्थाने स्थिरावला. दुःख मुकाट गिळणारा माणूस धीराचा, एवढीच ती वाट. (विदर्भातलं "मला इथं गमत नाही" मात्र या गोतातलं नव्हे. ते 'गमणं' आपलं जुनं, संस्कृतकडून आलेलं.)

आता हे 'एकाच धातूतून' म्हणजे काय, ते आधी बघू. अरबी शब्दाचा सांगाडा बहुतेक वेळा तीन व्यंजनांचा असतो. त्या तिघांच्या मध्ये स्वर बदलायचे, पुढेमागे काही जोडायचं, की नवा शब्द तयार. ह-क-म ही तीन व्यंजनं घ्या. हुकूम, हाकीम, हुकूमत हे तिन्ही मराठीत आलेले शब्द त्यांच्यातूनच झाले. म्हणून जुने-नवे बरेच अरबी शब्दकोश शब्दावर न लावता धातूवर लावलेले असतात. 'गमाम' शोधायला जावं तर ग-म-म या धातूच्या पानावर जावं लागतं आणि तिथे ढगाच्या शेजारीच दुःख, संकट, अस्पष्टता, सगळी भावंडं एका घरात बसलेली दिसतात. हा 'ग' आपला 'ग' नव्हे, घशातून घासून येणारा आहे. देवनागरीत तो पुरता उतरत नाही, एवढं लक्षात ठेवलं की झालं.

ग-म-म या घराचा मूळ अर्थ झाकणं. दहाव्या शतकातले भाषापंडित इब्न फारिस यांनी प्रत्येक धातूचा पायाभूत अर्थ शोधणारा कोश लिहिला. त्यात त्यांनी या धातूचा एकच पाया सांगितला, तो म्हणजे वरून आच्छादणं, घट्ट मिटवणं. ढग आभाळ झाकतो म्हणून गमाम. दुःख काळीज झाकतं म्हणून गम्म. उंटाने वाटेत नको तिथे तोंड घालू नये म्हणून त्याच्या तोंडावर जी पिशवी बांधत, तिचं नाव 'गिमामा'. आपल्याकडे मळणीच्या बैलाला मुसकं बांधतात तसंच. ढग, दुःख आणि उंटाचं मुसकं यांना एका नजरेने पाहणारे लोक किती बारकाईने जगत असतील, असं मला दर वेळी वाटतं.

याच धातूचा आणखी एक शब्द आहे, 'गुम्मा'. संकट, कोंडी, गोष्ट स्पष्ट न दिसणं हे सगळं त्यात येतं. कुराणात (१०:७१) नूह (बायबलातले नोहा) आपल्या लोकांना सांगतात की माझ्याविरुद्ध काय करायचं ते सगळे मिळून ठरवा, आणि तुमचा बेत तुम्हालाच 'गुम्मा' राहू देऊ नका. म्हणजे झाकलेला, धूसर ठेवू नका. आभाळ निवळण्यासाठी अरबीत जे क्रियापद आहे, 'इन्कशआ', तेच गुम्मा दूर होण्यालाही वापरतात. ढग इन्कशआ, संकट इन्कशआ. आपलं मळभ सरतं, तसंच.

पण या धातूचा सगळ्यात रोजच्या जगण्यातला वापर चंद्राशी जोडलेला आहे. इस्लामी महिना चंद्रदर्शनाने सुरू होतो आणि तो २९ किंवा ३० दिवसांचा असतो. एकोणतिसाव्या दिवशी सूर्य मावळला की पश्चिमेला, क्षितिजालगत, अगदी थोडा वेळ चंद्राची कोर दिसू शकते. ढग असतील तर? हदीसमध्ये, म्हणजे पैगंबर मुहम्मद यांच्या वचनांच्या आणि आठवणींच्या नोंदींमध्ये, त्यावर नियम आहे. चंद्र पाहून रोजे धरा, चंद्र पाहून सोडा, आणि तो तुमच्यापासून 'गुम्म' झाला, झाकला गेला, तर ३० ची संख्या पूर्ण करा. 'गुम्म' हे आपल्या गमाम आणि गम्मचंच कर्मणी रूप. कोकणकिनाऱ्यावर हा नियम पुस्तकात राहत नाही. २०१४, २०१५ आणि २०१६ या तिन्ही वर्षी ईद जुलैत आली. एकोणतिसाव्या संध्याकाळी रोजा सोडून, हातात अजून खजुराची बी असलेली पोरं गच्चीवर धावतात, समुद्राकडे बघतात, आणि पश्चिमेला दिसतो तो काळाभोर, खाली लोंबलेला पावसाळा. चंद्र आहे की नाही ते ढगालाच ठाऊक. मग बातमीची वाट बघायची, कुठे दिसला का म्हणून. नाहीच दिसला तर तीस पूर्ण करायचे. चौदाशे वर्षांपूर्वी कोरड्या हिजाझमध्ये, म्हणजे मक्का-मदिनेच्या प्रदेशात, उच्चारलेल्या शब्दाची गरज तिथल्यापेक्षा आपल्या कोकणाला जास्त पडत असेल.

गमामच्या जवळचाच, पण वेगळ्या धातूचा शब्द म्हणजे 'गैम'. आजच्या बोलण्यात ढगाळ हवेला हाच लागतो. 'गाइम' म्हणजे ढगाळ, आणि कल्पना किंवा भूमिका 'गाइम' म्हटली तर संदिग्ध. इथवर आपल्या ओळखीचं आहे. पण जुने कोश 'गैम'चा आणखी एक अर्थ देतात, तो म्हणजे तहान. पोटातली आग, पाण्याची ओढ. एकाच शब्दात ढग आणि तहान! वाळवंटात राहणाऱ्या माणसाच्या मनात ढग दिसणं आणि घसा कोरडा असणं इतकं जवळजवळ असेल, हे समजायला मला मराठवाड्यातल्या मे महिन्यापलीकडे जावं लागत नाही.

गैमचा सख्खा शेजारी 'गैन', म्हणजे पातळ ढग. 'सहीह मुस्लिम' या हदीससंग्रहात पैगंबरांचं एक वचन आहे की माझ्या हृदयावरही 'गैन' येतं आणि मी दिवसातून शंभर वेळा क्षमा मागतो. सूफींनी यावर बराच विचार केला. कुराणात (८३:१४) दुष्कृत्यांनी हृदयावर चढणाऱ्या गंजाला दुसरा शब्द आहे, 'रैन'. सूफींनी फरक असा केला की गैन विरळ, येतं आणि निवळतं. रैन घट्ट, खरवडून काढावं लागतं. मनाच्या ढगाळपणाच्या पायऱ्या लावाव्यात आणि पहिल्या पायरीवर चांगल्यातला चांगला माणूसही असतो हे मान्य करावं, ही समज मला फार मोलाची वाटते.

आतापर्यंत ढग झाकत होता. 'सहाब' हा सर्वसाधारण ढगाचा शब्द मात्र झाकत नाही, ओढला जातो. स-ह-ब म्हणजे फरफटत नेणं, ओढून घेणं. वारा ज्याला ओढत नेतो तो सहाब. ('साहेब' या शब्दाशी याचा संबंध नाही. त्यातला 'स' अरबीत वेगळं अक्षर आहे आणि त्याचा मूळ अर्थ सोबती.) मूळ अर्थ ओढण्याचा असल्यामुळे या धातूची लाक्षणिक वाट पार वेगळीकडे गेली. सैन्य माघारी घेणं म्हणजे 'इन्सिहाब'. बँकेतून पैसे काढणं म्हणजे 'सहब'. आखातातल्या एटीएमच्या पडद्यावर पैसे काढण्याचं बटण असतं, त्यावर अरबीत लिहिलेलं असतं 'सहब नक्दी'. दुबईत नोकरी करणारा रत्नागिरीचा माणूस महिन्याच्या महिन्याला ते बटण दाबतो. त्यातला दुसरा शब्द आपला 'नगद', आणि पहिला ढगाच्या घरातला.

उंच इमारतीला अरबीत 'नातिहत सहाब' म्हणतात, म्हणजे ढगांना शिंगांनी ढुशी देणारी. 'नतह' ही मेंढ्याची किंवा बैलाची टक्कर. आपल्या 'गगनचुंबी'त इमारत आभाळाचा मुका घेते, अरबीत ती डोकं खाली घालून ढगावर चाल करून जाते. नवराबायकोत खटका उडाला, मित्रांत तात्पुरतं वाजलं, तर 'सहाबत सैफ' म्हणायची पद्धत आहे. म्हणजे उन्हाळ्यातला ढग, आला तसा जाईल. दूरच्या संगणकांवर माहिती साठवायची सोय आली तेव्हा अरबीने तिलाही 'सहाबी' हेच विशेषण लावलं. आपण 'क्लाउड' म्हणून मोकळे झालो. आणि कुराणातली (२७:८८) एक ओळ या धातूची ताकद दाखवते. तुला डोंगर जागेवर घट्ट बसलेले वाटतात, पण ते ढगांसारखे सरकत जातील. तिथे 'सहाब'च हवा होता, गमाम चालला नसता, कारण चित्र झाकण्याचं नाही, सरकण्याचं आहे.

या सगळ्या शब्दांमध्ये मला सगळ्यात जास्त धरून ठेवतो तो 'आरिद'. अ-र-द म्हणजे आडवं येणं, समोर येणं, समोर मांडणं. दरीच्या तोंडाशी क्षितिजावर आडवा उगवलेला ढग म्हणजे आरिद. कुराणात (४६:२४) आद नावाच्या लोकांची गोष्ट आहे. दुष्काळाने पोळलेले ते लोक आपल्या खोऱ्यांकडे येणारा ढग बघतात आणि आनंदाने म्हणतात, हा आरिद आपल्याला पाऊस देणार. तो पाऊस नसतो. ते वादळ असतं आणि त्यात सगळं उद्ध्वस्त होतं. या गोष्टीची पुढची कडी हदीसमध्ये आहे. आभाळ भरून आलं की पैगंबरांचा चेहरा बदलायचा. त्यांच्या पत्नी आयेशा विचारतात की लोक ढग बघून खूश होतात, पावसाची आशा धरतात, मग तुमच्या चेहऱ्यावर काळजी का? उत्तर येतं की यात शिक्षा नाही कशावरून? आदच्या लोकांनाही हाच ढग पावसाचा वाटला होता. समोर आलेली गोष्ट वर आहे की संकट, हे ती जवळ येईपर्यंत कळत नाही, आणि 'आरिद' या शब्दात ती अनिश्चितता मुळातूनच आहे. तो फक्त 'समोर आलेला' आहे.

आता याच धातूचं नाम घ्या, 'अर्द', म्हणजे समोर मांडणं. फारसीत या अक्षराचा उच्चार 'झ'च्या अंगाने होतो, म्हणून 'अर्झ'. मराठीत, 'अर्ज'. तहसील कचेरीत रांगेत उभं राहून आपण जो खिडकीतून आत सरकवतो तो अर्ज, आणि आदच्या खोऱ्यावर आलेला तो ढग, हे एका धातूचे. दोन्हीत काहीतरी समोर येऊन उभं राहिलेलं असतं आणि त्याचं पुढे काय होणार हे उभं असणाऱ्याला ठाऊक नसतं.

ढगांच्या नावांची यादी करायची तर ती इराणातल्या नीशापूरचे भाषापंडित अबू मन्सूर सआलिबी यांनी हजार वर्षांपूर्वी करून ठेवली आहे. ते ९६१ ते १०३८ या काळात होऊन गेले. ढग नुकता उगवला की त्याला काय म्हणायचं, हवेत ओढला जाऊ लागला की काय, आभाळाचा रंग पालटला की काय, असं ते पायरीपायरीने सांगत जातात. सगळी नावं इथे देत नाही, दोन देतो. छोटे छोटे, जवळजवळ ठिपक्यांसारखे ढग म्हणजे 'नमिरा'. 'नमिर' म्हणजे बिबट्या, त्याच्या अंगावरच्या ठिपक्यांवरून. जुनी म्हण आहे, मला ते आभाळ नमिरा दाखव, मी तुला ते पावसाचं दाखवतो. लक्षणं स्पष्ट दिसली की परिणाम सांगायला ज्योतिषी लागत नाही, असा तिचा रोख. दुसरं नाव 'कझअ', म्हणजे विखुरलेल्या ढगांची फाटकी ठिगळं. डोक्याचे काही केस भादरायचे आणि काही झुबके तसेच ठेवायचे, या तऱ्हेलाही अरबीत 'कझअ'च म्हणतात, आणि हदीसमध्ये तिला मनाई आहे. निळ्या आभाळात इथेतिथे राहिलेले पांढरे पुंजके एकदा असे बघितले की ते पुन्हा वेगळे दिसत नाहीत.

पाण्याने भरलेला ढग 'मुझ्न', आणि हे मुलीचं नावही असतं. पाणी सांडून रिकामा झालेला, नुसता फिरणारा ढग 'जहाम'. आणि चमकते पण पाऊस आणत नाही ती वीज 'खुल्लब', म्हणजे भुलवणारी. आश्वासनं देऊन न पाळणाऱ्याला अरब लोक 'खुल्लब वीज' म्हणतात. आपण म्हणतो, गर्जेल तो पडेल काय. आपण आवाजावरून ओळखलं, त्यांनी उजेडावरून. याच्या उलट दानशूर माणसाचा हात म्हणजे ढग. अब्बासी खलिफा हारून अल-रशीद यांच्याबद्दल एक गोष्ट सांगितली जाते. डोक्यावरून न बरसता निघून जाणाऱ्या ढगाला ते म्हणाले, हवा तिथे पड, तुझा खराज माझ्याकडेच येणार. खराज म्हणजे शेतसारा, ज्या धातूतून आपला 'खर्च' आला त्याचाच.

आभाळ सोडून पाण्याकडे आलं की ढगाळपणाचे वेगळे शब्द लागतात. गढूळ पाण्याला 'अकिर' किंवा 'कदिर'. 'कदर' म्हणजे गढूळपणा, आणि मनाला लावला तर खंत, कडवटपणा. (आपली गुणांची 'कदर' दुसऱ्या 'क'ची, तिचा याच्याशी काही संबंध नाही.) स्वार्थासाठी गोंधळाचा फायदा घेणारा माणूस 'गढूळ पाण्यात मासे धरतो', असं अरबीत म्हणतात. कदरच्या विरुद्ध 'सफ्व', म्हणजे निवळशंखपणा. कुणाच्या सुखात माती कालवली तर म्हणायचं, त्याचा सफ्व कदर केला. याच सफ्वच्या धातूतून आपला 'साफ' आला. पाऊस थांबल्यावर "आभाळ साफ झालं" म्हणतो तेव्हा आपण त्यांच्याच जोडीतला अर्धा शब्द वापरत असतो.

एका मोहक व्युत्पत्तीबद्दल इथेच सावध करतो. अंधाराला अरबीत 'झुल्मा' आणि अन्यायाला 'झुल्म', म्हणजे आपला जुलूम. एका हदीसमध्ये हे दोन्ही मुद्दाम शेजारी आणले आहेत की जुलूम हा कयामतच्या दिवशी अंधारच अंधार असेल. ऐकायला इतकं नेमकं बसतं की अन्याय म्हणजे मुळात अंधार, असं लगेच सांगावंसं वाटतं. पण तेच इब्न फारिस, ज्यांनी ग-म-मला एकच पाया दिला, ते झ-ल-मला दोन वेगळे पाये देतात. एक उजेडाचा अभाव आणि दुसरा वस्तू तिच्या जागी नसणं, हक्काबाहेर ठेवली जाणं. हदीसमधली जोडी ही वाणीची ताकद आहे, त्यावरून शब्दाचं मूळ ठरत नाही. शब्दांच्या गोष्टी सांगताना हा फरक सांभाळावा लागतो, नाहीतर प्रत्येक सुंदर योगायोग आपण व्युत्पत्ती म्हणून खपवू लागतो.

अमूर्ताकडे सगळ्यात दूर गेलेला ढग म्हणजे 'अमा'. विश्व निर्माण करण्यापूर्वी आपला प्रभू कुठे होता, असा प्रश्न एका सहाब्याने, म्हणजे सोबत्याने, पैगंबरांना विचारला. (हा 'सहाबी' 'साहेब'च्या घरातला, ढगाच्या नव्हे.) उत्तर आलं, 'अमा'मध्ये. म्हणजे विरळ ढगात, असं भाषापंडितांनी सांगितलं. तेराव्या शतकापर्यंत येता येता सूफी तत्त्वज्ञ इब्न अरबींनी (११६५ ते १२४०) या ढगावर आपल्या विश्वकल्पनेचा मोठा भाग उभा केला. याच गोतातला दुसरा 'अमा', उच्चाराचा शेवट जरा वेगळा, म्हणजे आंधळेपण. आणि जे मुद्दाम आंधळं केलंय, वाचणाऱ्याला दिसू नये म्हणून झाकलंय, ते 'मुअम्मा', म्हणजे कोडं, गुप्तलिपी. नवव्या शतकात तत्त्वज्ञ अल-किंदी यांनी मुअम्मा उलगडण्यावर एक पुस्तिका लिहिली. मजकुरात कोणतं अक्षर किती वेळा येतं ते मोजायचं आणि त्या भाषेच्या नेहमीच्या प्रमाणाशी ताडून बघायचं, ही रीत त्यांनी तिथे मांडली. झाकलेली अक्षरं मोजून उघडी करायची ही युक्ती नंतर शतकानुशतकं गुप्तलिपी फोडणाऱ्यांच्या कामी आली.

राहिलं धुकं. अरबीत 'दबाब'. बातम्यांमध्ये आज हा शब्द सतत येतो. वाटाघाटी 'दबाबी', धोरण 'दबाबी', चित्र 'दबाबी', म्हणजे कशाचाच पत्ता लागत नाही असं. पण ओमानच्या दक्षिणेला सलाला शहराच्या मागे धोफारचे डोंगर आहेत. आपल्याकडे येणारा नैऋत्य मोसमी वारा जाताजाता त्यांनाही शिवतो. मान्सूनचं आणि मोसमाचं मूळ असलेला 'मौसिम' हाही अरबीच, ठरलेली वेळ. जूनच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत त्या डोंगरांवर दबाब उतरतो, बारीक बुरबुर लागते, आणि एरवी तपकिरी असलेले उतार हिरवे होतात. या दिवसांना तिथे 'खरीफ' म्हणतात. आपल्या सातबाऱ्यावर, पेरणीच्या अंदाजात, पीकविम्याच्या अर्जात जो 'खरीप' असतो, तोच हा शब्द. उरलेलं आखात पंचेचाळीस अंशांवर भाजत असतं, तेव्हा शेकडो मैलांवरून कुटुंबंच्या कुटुंबं गाडीने तिथे येतात. गवतावर चटई टाकतात, गावठी चुलीवर चहा ठेवतात, आणि चेहरे वर करून त्या धुक्यात बसून राहतात. पोरांच्या पापण्यांवर पाणी साचतं, दहा पावलांवरची गाडी दिसत नाही, आणि कुणीही उठायचं नाव घेत नाही.